खाकी कव्हराखालचा आकडा

मित्रांनो, मला जन्माला येऊन जेमतेम सहा वर्षे झाली आहेत. पण माझ्या कपाळावर अठरा हा आकडा छापलेला आहे. मी एका व्हिडिओ गेमची जुनी डबी आहे. छोट्या वहीएवढी, निळसर प्लास्टिकची. माझ्या पोटात एक चकचकीत डिस्क असते. ती मशीनमध्ये घातली की टीव्हीच्या पडद्यावर एक अख्खे राज्य उभे राहते. त्यात जंगले आहेत, किल्ले आहेत आणि आग ओकणारा एक ड्रॅगन आहे. सध्या मी शहराच्या कडेला, हर्सूलमधल्या एका घरात, कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर राहते. माझ्यामुळे या घरातल्या एका मुलीचे जेवण सुटले आणि एका भल्या माणसाच्या नावाला डाग लागला. त्यात माझा दोष किती आणि इतरांचा किती, हे तुम्ही ऐकून ठरवा.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. वितळलेले प्लास्टिक साच्यात पडले, निवले आणि मी झाले. मग माझ्या अंगावर चित्रांचा कागद चढवला गेला. पुढच्या बाजूला पंख पसरलेला सोनेरी ड्रॅगन होता आणि त्याच्याच पायाशी, डाव्या कोपऱ्यात, लाल चौकोनात अठरा. तो आकडा कुणी सहज छापलेला नव्हता. खेळ बाजारात येण्यापूर्वी काही माणसे तो बसून पाहतात. त्यात मारामारी किती, भीती किती, क्रौर्य कसले, हे तपासतात आणि तो कोणत्या वयाला झेपेल ते ठरवतात. माझ्या आतले राज्य त्यांनी पाहिले आणि ठरवले, की अठरा वर्षांखालच्या कुणी इथे पाऊल ठेवू नये. माझ्या पाठीवर त्यांनी आवळलेल्या मुठीचे एक चित्रही छापायला लावले आणि त्याखाली बारीक इंग्रजीत दोन ओळी.

खरे सांगते, मला मात्र अभिमान होता तो ड्रॅगनचा. आकडा मला कपाळावरच्या टिकलीसारखा, केवळ शोभेचा वाटे.

मला विकत घेतले ते संघपालने. तो मूळचा इथलाच, पण पुण्याला एका संगणक कंपनीत नोकरी करणारा, सव्वीस वर्षांचा तरुण. त्याने माझ्यावर फार जीव लावला. कामावरून आला की हातपाय धुऊन तो माझ्यासमोर बसे. मित्रांना सांगे, "असा गेम पुन्हा होणार नाही." स्तुती कुणाला आवडत नाही? मी फुलून जात असे. त्या दिवसांतली एकच गोष्ट मला उमगली नाही. एका संध्याकाळी त्याने खेळ अर्ध्यात थांबवला, डिस्क काढून माझ्यात ठेवली आणि पुढचे दोन दिवस मला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा खेळायला बसला; पण त्याचा चेहरा पहिल्यासारखा नव्हता. का, ते समजायला मला पुढे तीन वर्षे लागली.

मग नव्याचे जुने झाले. संघपालने नवे मशीन घेतले आणि मी पलंगाखालच्या पेटीत गेले. माझ्या एका कोपऱ्याला तडा गेला. मला वाटले, आपले आयुष्य संपले. पण गेल्या मे महिन्याच्या शेवटी पेटी उघडली. जुने मशीन, क्रिकेटच्या खेळाची एक डबी, मोटारींच्या शर्यतीची एक आणि मी, असे सगळे एका पिशवीत भरून संघपाल आपल्या बहिणीच्या घरी, हर्सूलला आला.

त्याची बहीण म्हणजे सुलेखाताई. त्या फुलंब्री तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. रोज सकाळी हर्सूलच्या नाक्यावर गाडी धरायची आणि संध्याकाळी सहाला परतायचे, हा त्यांचा क्रम. त्यांचे यजमान राजकुमार वाळूजच्या कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करतात, त्यामुळे मी त्यांना बहुतेक वेळा झोपलेलेच पाहिले. घरात त्यांच्या सासूबाई, चंपाबाई असतात. आणि दहा वर्षांची प्रेरणा.

"मामा, हे माझं? एकटीचं?" प्रेरणाने पिशवीत डोके घातले.

"एकटीचं. पाचवीत गेलीस ना? पण आईला विचारून खेळायचं."

सुलेखाताईंनी तिन्ही डब्या हातात घेऊन पाहिल्या. क्रिकेट, मोटारी, मग मी. "हे काय रे, डायनासोर?"

"ड्रॅगन, ताई. परीकथा असते तसं. राक्षस, जादू, राजा-राणी. खरं थोडंच असतंय?"

"मग बरंय. मारामारीचे ते बंदुकीचे गेम नकोत मला घरात."

"नाही, नाही. ह्यात एक पण बंदूक नाही."

मित्रांनो, हे अगदी खरे होते. माझ्यात एकही बंदूक नाही. संघपाल खोटे बोलला नाही. त्याने फक्त पुरते सांगितले नाही. मोठी माणसे कधी कधी अशी अर्ध्यावर थांबतात.

चंपाबाईंनी मला दुरूनच न्याहाळले. "आगं, त्या पाखराच्या तोंडातून जाळ निघतोय की. घसा नाय का भाजत त्याचा?"

"आजी, ते पाखरू नाही गं!" प्रेरणा हसून लोळली. त्या घरातले तिचे ते हसणे मला अजून आठवते.

दोन आठवड्यांनी शाळेची नवी पुस्तके आली. या घरात जूनमधला एक रविवार ठरलेला असतो. त्या दिवशी टीव्ही बंद. फरशीवर खाकी कागदाची गुंडाळी, कात्री, खळ आणि नावाच्या चिकटपट्ट्या मांडून सुलेखाताई बसतात आणि घरातल्या प्रत्येक पुस्तकाला कव्हर घालतात. ही रीत त्यांच्या वडिलांची, बन्सी गुरुजींची. त्यांच्या लहानपणी पाच भावंडांत एकच पुस्तक असे आणि ते थोरल्याकडून धाकट्याकडे येईपर्यंत टिकवावे लागे. ते म्हणत, "कव्हर नसलेलं पुस्तक म्हणजे थंडीत उघडं लेकरू." ज्या घरात अक्षर फार कष्टाने आले, त्या घरात कागदाचीही अशी माया असते.

शेवटचे पुस्तक झाले तेव्हा हातभर कागद उरला. सुलेखाताईंची नजर माझ्या तडा गेलेल्या कोपऱ्यावर पडली.

"आण गं ते. त्याचा कोपरा फुटलाय. अजून फुटायच्या आत घालून टाकू त्यालाही."

"आई, गेमला कुणी कव्हर घालतं का?"

"मामाने प्रेमाने दिलंय ना? मग जपायला नको?"

आणि त्यांनी मला मांडीवर घेतले. कडा दुमडल्या, खळ लावली, अंगठ्याने दाबून कागद सारखा केला. इतक्या हळुवार हातांनी मला पूर्वी कुणी हाताळले नव्हते. वर चिकटपट्टी लागली. सुलेखाताईंनी सुंदर अक्षरात लिहिले: नाव – प्रेरणा राजकुमार खरात. इयत्ता – पाचवी. विषय – खेळ. ती पट्टी नेमकी डाव्या कोपऱ्यात बसली. ड्रॅगन झाकला गेला, पाठीवरची मूठ झाकली गेली आणि लाल चौकोनातला अठराही. मला ओरडता आले असते तर तेव्हाच ओरडले असते. पण खोटे कशाला बोलू? त्या क्षणी मलाही ऊबच वाटली.

प्रेरणाची शाळा सकाळची. साडेबाराला शाळा सुटे आणि एकपर्यंत ती घरी येई. तिला नेणारी-आणणारी रिक्षा सांडूकाकांची. साठीचे गृहस्थ, पांढऱ्या मिशा, गळ्यात कायम लाल रुमाल. त्यांच्या रिक्षात नऊ मुले. पुढे काकांच्या शेजारी कुणी बसायचे यावरून भांडणे होत, म्हणून त्यांनी वार वाटून दिले होते. गुरुवार प्रेरणाचा. दारात रिक्षा आली की हॉर्न वाजे: दोन आखूड, एक लांब. शिवाय त्यांची हाक, "चला, कलेक्टरीणबाई! मीटिंगला उशीर होतोय!" फळीवर पडल्या पडल्या मी ते रोज ऐकत असे.

दुपारी जेवण झाले की प्रेरणा मला उघडे. चंपाबाई तिथेच मेथी निवडत बसत आणि निवडता निवडता डुलक्या घेत. पोर नजरेसमोर आहे, घरात आहे, उन्हात भटकत नाही, एवढे त्यांना पुरेसे होते. घरातल्या सगळ्यांनाच होते.

सुरुवातीची जंगले सुंदर होती. खेळाने प्रेरणाला तिचे नाव विचारले. तिने ते टाइप केले. तेव्हापासून त्या राज्यातले सगळे जण तिला नावाने ओळखू लागले. तिथे तिला एक म्हातारा गाडीवान भेटला. त्याच्याकडे घोडागाडी होती. तो तिला जंगलातून पुढे नेई, आपल्यातली अर्धी भाकरी देई, विनोद सांगे. त्याच्या मिशा पांढऱ्या होत्या आणि गळ्यात लाल फडके होते.

"आजी, बघ ना, सांडूकाका!" प्रेरणा म्हणाली.

चंपाबाईंनी एक डोळा उघडला. "व्हय गं. पर ह्याला रिक्षा नाय मिळाली वाटतं."

जुलैतल्या एका बुधवारी प्रेरणा किल्ल्याच्या दारापाशी पोचली. दार बंद होते. आतून राणीचा हुकूम आला: गाडीवानाला पिंजऱ्यात घाल, म्हणजे किल्ली मिळेल. पडद्यावर दोन कळा उमटल्या. एक दाबली तर परत जंगलात, दुसरी दाबली तर आत. प्रेरणाने बराच वेळ विचार केला. क्रिकेटच्या खेळात बाद झालेला फलंदाज पुढच्या डावात परत येतो. शर्यतीत आपटलेली मोटार पुन्हा उभी राहते. हाही येईल, असे तिला वाटले. तिने दुसरी कळ दाबली.

त्यापुढे काय झाले, ते मी तुम्हाला सांगणार नाही. माझ्या कपाळावरचा आकडा त्यासाठीच आहे. एवढेच सांगते, की ते लवकर संपले नाही, आणि पडद्याने तिला मान वळवू दिली नाही. शेवटी गाडीवानाने तिच्याकडे पाहिले. खाली इंग्रजीत अक्षरे उमटली आणि प्रेरणाने ती ओठ हलवत वाचली: "प्रेरणा, मी तर तुला वाट दाखवत होतो."

तो परत आला नाही. तिने मशीन बंद केले, सुरू केले, पहिल्या जंगलापर्यंत मागे जाऊन पाहिले. जंगल होते, किल्ला होता, गाडीवान नव्हता. त्याचा रिकामा घोडा मात्र तिच्यामागून चालत राहिला. ती जाईल तिथे.

तेव्हा मला संघपालची ती दोन दिवसांची विश्रांती आठवली आणि मी समजले. जे सव्वीस वर्षांच्या माणसाला दोन दिवस सोसले नव्हते, ते या मुलीच्या वाट्याला पाचवीच्या वर्गात आले होते.

तिने डिस्क काढून माझ्यात ठेवली, मला फळीवरच्या पुस्तकांमागे सारले आणि आजीच्या मांडीत जाऊन झोपली. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. दोन आखूड, एक लांब हॉर्न वाजला.

"माझं पोट दुखतंय," प्रेरणा म्हणाली.

शुक्रवारी डोके दुखले. शनिवारी ती रिक्षात गेली, पण मागच्या कोपऱ्यात बसली. काकांनी नेहमीप्रमाणे पेरूची फोड पुढे केली तेव्हा तिने हात मागे घेतला. घरी आल्यावर ती वारंवार हात धुऊ लागली. जेवण उष्टे टाकू लागली. शेजारच्या एक बाई म्हणाल्या, "दृष्ट काढा पोरीची, मीठ-मिरच्या घ्या." चंपाबाई ताडकन म्हणाल्या, "आमच्यात नाय तसलं काय. मिरच्या भाजीत घालायच्या असत्यात." पण रात्रीच्या जेवणाला प्रेरणाच्या ताटाकडे त्या चोरून पाहत, हे मी पाहिले आहे.

सुलेखाताई हादरल्या होत्या. त्या शिक्षिका. गप्प झालेल्या मुलांकडे लक्ष कसे द्यावे, याची प्रशिक्षणे त्यांनी घेतली होती. एका संध्याकाळी त्यांनी लेकीला जवळ घेतले.

"शाळेत कुणी त्रास देतं का, बाळा?"

मान हलली. नाही.

"मग रिक्षात? रिक्षात का नको म्हणतेस?"

प्रेरणा फ्रॉकची कड बोटाला गुंडाळत राहिली.

सुलेखाताईंचा आवाज खाली गेला. "सांडूकाका काही बोलले का तुला? काही... केलं का?"

प्रेरणा एकदम रडू लागली. "काकांना काही बोलू नको, आई. प्लीज. काकांना काहीच बोलू नको."

मित्रांनो, त्या घरात खरे काय घडले हे दोघींनाच ठाऊक होते. एक प्रेरणा, जी सांगू शकत नव्हती. दुसरी मी, जिला तोंड नव्हते आणि जिचे कपाळ झाकलेले होते. आईच्या कानांनी त्या वाक्यात भीती ऐकली. आजकाल वर्तमानपत्रात जे वाचावे लागते, ते वाचणाऱ्या कोणत्याही आईने तेच ऐकले असते.

सुलेखाताईंनी कुणावर आरोप केला नाही. त्यांनी फक्त विचारले. त्याच रिक्षातून जाणाऱ्या प्रणयची आई, निशाताई, मागच्या गल्लीत राहतात. त्यांना त्यांनी फोन केला. "सहज विचारते हं. तुमचा प्रणय रिक्षाबद्दल काही बोलतो का? सांडूकाकांबद्दल?" असा प्रश्न उत्तराची वाट पाहत नाही. तो स्वतःच उत्तर होतो आणि दारोदार फिरू लागतो. दोन दिवसांत नऊ मुलांची पाच झाली.

सोमवारी सकाळी हॉर्न वाजला नाही. दाराची कडी वाजली. सांडूकाका उंबऱ्याबाहेर उभे होते. रुमाल गळ्यात नव्हता, हातात होता.

"मॅडम, जय भीम. येक विचारायचं होतं."

"बोला." सुलेखाताईंनी दार पुरते उघडले नाही.

"चार घरं तुटली माझी. कोन काय सांगत नाय. फकस्त म्हनत्यात, उद्यापासून नको. वीस वर्सं झाली, पोरं ने-आन करतोय. माझं काय चुकलं, तेवढं सांगा. चूक आसंल तर पाया पडतो."

"आमचंही उद्यापासून नको, काका." सुलेखाताईंनी कडीवरचा हात काढला नाही. "कारण तुमचं तुम्हाला माहीत."

"मला म्हाईत?" म्हाताऱ्याने मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उलगडत गेले, आणि जे उलगडले त्याने ते भिंतीला टेकले. "या अल्ला," एवढेच त्यांच्या तोंडून गेले. या शहरात दुखले की कुणाच्याही तोंडून कोणताही देव निघतो. "मॅडम, मला तीन नाती हायेत हो."

आतल्या खोलीच्या दारात प्रेरणा उभी होती. तिने सगळे ऐकले होते. ती धावत आली ती दाराकडे नाही, माझ्याकडे. पुस्तके खाली पाडून तिने मला ओढून काढले आणि आईच्या पुढ्यात धरले.

"त्यांनी नाही केलं काही! मी केलं! मी मारलं त्यांना, आई! ह्याच्यात! मी कळ दाबली आणि ते... ते ओरडत होते, आणि मी मारलं!"

"काय बोलतेस? कुणाला?"

"गाडीवानकाकांना! ते ह्यांच्यासारखेच होते! मला ह्यांच्याकडे बघताच येत नाही!"

बोलता बोलता तिची नखे माझ्या कव्हरात रुतली होती. कागद टरकन फाटला. आधी ड्रॅगनचा पंख बाहेर आला, मग चिकटपट्टीचे अर्धे टोक सुटले आणि त्याखाली लाल चौकोन दिसला.

सुलेखाताईंनी मला हातात घेतले. उरलेला कागद त्यांनी स्वतः सोलला, अगदी सावकाश, जखमेवरची पट्टी सोलावी तसा. पाठीवरच्या इंग्रजी ओळी त्यांनी एकदा वाचल्या, दुसऱ्यांदा वाचल्या.

"मीच चिकटवला हा कागद," त्या म्हणाल्या. "माझ्या हातांनी."

दाराकडे पाहिले तेव्हा तिथे कुणी नव्हते. रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला. हॉर्न वाजला नाही.

त्या दिवशी त्यांनी शाळेत रजा कळवली आणि भावाला फोन लावला. फोन मेजावर ठेवलेला होता, शेजारी मी.

"संघपाल, तो ड्रॅगनचा गेम. त्याच्यावर अठरा लिहिलंय, ते पाहिलं होतंस?"

"हो, ताई. पण ते असंच लिहितात गं. आणि फँटसी आहे तो. आपण लहानपणी काय काय बघितलं, काय झालं आपल्याला?"

"तू कितव्या वर्षी खेळलास?"

"सव्वीस वर्षांचा असेन."

"त्यात तो गाडीवान आहे. पिंजरा आहे."

सुलेखाताईंनी फोन आणखी जवळ ओढला.

"तो भाग आला तेव्हा तू काय केलंस?"

"दोन दिवस हात नाही लावला, ताई," संघपाल म्हणाला. मग त्याचा आवाज बदलला. "प्रेरणा तिथपर्यंत गेली? ताई, मी विसरलोच होतो. मला फक्त ड्रॅगन आठवत होता."

त्याच दुपारी सुलेखाताईंनी मला पिशवीत घातले, प्रेरणाचा हात धरला आणि त्या हर्सूल गावातल्या सांडूकाकांच्या घरी गेल्या. काका अंगणात रिक्षा धूत होते. ती धुतलेलीच होती. ते पुन्हा धूत होते. सुलेखाताईंनी माफी मागितली. जे मनात आले होते ते स्पष्ट शब्दांत सांगितले, काही लपवले नाही. काका ऐकत राहिले. त्यांनी ओले हात सदऱ्याला पुसले.

मग त्यांनी मला हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले आणि प्रेरणासमोर उकिडवे बसले.

"मला मारलंस व्हय गं, कलेक्टरीणबाई?"

प्रेरणाने मान खाली घालून होकार दिला.

"म्यां तर हा बसलोय. हात लावून बघ." तिने बोट त्यांच्या मनगटाला लावले. "आता येक सांग. गाडीला बैल व्हता का घोडं?"

"घोडा."

"मंग त्या घोड्याचं काय झालं?"

इतक्या दिवसांत हे तिला कुणी विचारले नव्हते. "तो माझ्या मागे मागे येतो," ती म्हणाली आणि हुंदके देऊ लागली. "मी कुठंही गेले तरी येतो, काका. त्याला कुणीच नाही आता."

"आस्सं." काकांनी मिशीवरून हात फिरवला. "मुकं जनावर हाय ते. ज्याच्या संगं भ्या वाटत नाय, त्याच्याच मागं येतं. तू कळ दाबलीस तवा तुला ठाव नव्हतं. ठाव झालं तवा तुझ्या घशाखाली घास उतरंना. ज्यानं हा खेळ केला, त्याच्या घशाचं काय, ते त्याचं त्याला ठाव."

मग ते उठले आणि सुलेखाताईंकडे वळले. त्यांच्या आवाजातला मऊपणा गेला होता. "मॅडम, तुमी आलात, लई झालं. पर माझी इज्जत तुमच्या घरातनं चार घरांत गेलीय. ती माघारी कोन आननार? मी सांगाया गेलो तर म्हनतील, चोर हाय, बोलनारच. तुमी जाल का? ही डबी घेऊन?"

"जाईन," सुलेखाताई म्हणाल्या.

आणि त्या गेल्या. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला हा सर्वांत कठीण प्रवास. चारही घरी त्यांनी मला पुढे केले, कपाळावरचा आकडा दाखवला आणि सांगितले, "चूक माझी आहे. मी न वाचता मुलीच्या हातात दिलं, आणि न समजता एका माणसावर संशय घेतला." एका शिक्षिकेला चार परक्या दारांत हे म्हणताना काय वाटले असेल, याचा विचार मी अजूनही करते. पहिल्या तीन घरांनी ऐकून घेतले आणि मुले पुन्हा रिक्षात धाडली. एका घरच्या वडिलांनी तर उठून आपल्या मुलाच्या डब्या तपासल्या आणि त्यातल्या दोन काढून ठेवल्या. चौथे घर निशाताईंचे.

"तुमचं बरोबर असेल, ताई," निशाताई दारातूनच म्हणाल्या. "पण आमच्या ह्यांचं म्हणणं, आगीशिवाय धूर निघतो का?"

"आग ह्या डबीत होती, निशाताई. आणि धूर मी केला."

"ते खरं हो. पण रिस्क कशाला?"

आज या गोष्टीला पाच महिने झाले. प्रेरणा पुन्हा जेवते, पुन्हा हसते; पूर्वीइतके खळखळून नाही, पण हसते. गुरुवारी पुढे बसते. पहिल्याच गुरुवारी तिने आपल्या डब्यातली अर्धी पोळी काकांना दिली, असे तिने आजीला सांगितले. मशीनवर आता क्रिकेट आणि मोटारी चालतात, आणि चंपाबाई डुलक्या न घेता शेजारी बसून विचारतात, "ह्यो आउट झाला, तो घरी गेला का मेला?" आणि प्रेरणा त्यांना नीट समजावून सांगते.

मला कुणी फेकून दिले नाही. सुलेखाताईंनी विचारले तेव्हा प्रेरणानेच नको म्हटले. "त्यात घोडा आहे," ती म्हणाली. अर्धवट फाटलेली चिकटपट्टी अजून माझ्यावर आहे: इयत्ता पाचवी, आणि तिला चिकटून अठरा. त्या दोन आकड्यांमधल्या जागेत प्रेरणाने पेन्सिलीने ज्या वर्षी ती अठराची होईल ते साल लिहिले आहे, आणि पुढे एक प्रश्नचिन्ह. तोवर मी वाट पाहीन. कदाचित तेव्हाही ती मला उघडणार नाही. तो तिचा अधिकार असेल.

मित्रांनो, मी वाईट नाही. मी फक्त तुमच्यासाठी अजून नाही. माझ्यासारखी एखादी डबी हातात आली, तर आधी तिच्या कपाळावरचा आकडा पाहा आणि तो घरातल्या मोठ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. ड्रॅगन दिसला म्हणून परीकथा समजू नका. आणि चुकून एखादे दार उघडले गेले, आत जे दिसले ते छातीवर बसले, तर ते एकट्याने वाहू नका. सांगा. कुणी रागावले तरी सांगा. तुम्ही न बोललेली गोष्ट आतच राहत नाही. ती बाहेर येते आणि भलत्याच माणसाच्या दारात जाऊन उभी राहते. मोठ्यांनाही एक विनंती आहे. वस्तू जपण्यासाठी कागद जरूर घाला. पण त्याआधी ती उलटसुलट करून वाचा.

रोज सकाळी फळीवरून मी तो हॉर्न ऐकते. दोन आखूड, एक लांब. "चला, कलेक्टरीणबाई!" दार वाजते, दप्तर आदळते, रिक्षा निघते. मग मी कान देऊन राहते. मागच्या गल्लीत, निशाताईंच्या दारापुढे, ती पूर्वी थांबत असे आणि प्रणयसाठी पुन्हा हॉर्न वाजे. माझ्या कपाळावरचा आकडा आता उघडा आहे. पण त्या दारापुढे रिक्षा अजूनही थांबत नाही. तिथून जाताना काका फक्त वेग थोडा कमी करतात.